महापौराचा निकाल कुठल्या पानावर शोधायचा?

या महिन्यात टपाल नेहमीपेक्षा जड निघालं. १५ जानेवारी २०२६ला महापालिकांचं मतदान झालं, तेव्हापासून सोसायटीचा मेंटेनन्स, गळकी गच्ची आणि पार्किंग हे आपले ठरलेले विषय मागे पडलेत. जो तो महापौरांबद्दल विचारतोय. नव्या वाचकांसाठी सांगते, मी महापालिकेच्या सचिव विभागात लघुलेखिका होते. ठाणे खाडीच्या अलीकडच्या पालिकेत की पलीकडच्या, ते सांगत नाही. जुने लोक ओळखून आहेत. महासभेत महापौरांच्या आसनाच्या पायथ्याशी एक टेबल असतं. तिथे बसून कोण काय बोललं ते उतरवून घ्यायचं आणि मग इतिवृत्त टाइप करायचं, ही माझी एकतीस वर्षांची नोकरी. इतकी वर्षं दुसऱ्यांचंच बोलणं लिहिलं, त्यामुळे आता माझं उत्तर लांबलं तर चालवून घ्या.

प्रश्न : काकू, मी राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात ‘एका महापौरांची राजकीय कारकीर्द आणि निवडणुकांतील कामगिरी’ असा प्रकल्प दिलाय. जिथे बघावं तिथे ‘अमुक साली महापौर म्हणून निवडून आले’ एवढंच लिहिलेलं असतं. किती मतांनी, कुणाला हरवून, ते कुठेच नाही. मी कुठे शोधू? – एक विद्यार्थिनी, ऐरोली

तुला ते सापडणार नाही, कारण तू समजतेस तसा निकाल मुळात नसतोच. आपल्याकडे महापौराला जनता मत देत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९चा आहे, आणि त्यानुसार निवडून आलेले नगरसेवक आपल्यातल्याच एकाला महापौर करतात. ज्या माणसाचा तू अभ्यास करणार आहेस त्याचा खरा निकाल त्याच्या वॉर्डात आहे. महापौरपद ही त्यानंतरची बेरीज. त्यातही आधी मंत्रालयात आरक्षणाची सोडत निघते, आणि चिठ्ठी आपल्या प्रवर्गाची नसली की भल्याभल्यांच्या हातातलं पद जातं.

ती बेरीज कशी होते ते मी टेबलापासून चार हातांवर बसून पाहिलंय, म्हणून सांगते. त्या दिवशी महापौरांच्या आसनावर पीठासीन अधिकारी बसतात, बहुधा जिल्हाधिकारी. आलेले अर्ज, सूचक, अनुमोदक वाचून दाखवतात. मग माघारीसाठी पंधरा मिनिटं देतात. त्या पंधरा मिनिटांत मला लिहायला काही नसायचं, म्हणून मी पेन्सिली तासत बसायचे. सभागृहात एवढी शांतता, की तासायचा आवाजही मोठा वाटायचा. एकदा एका ज्येष्ठ नगरसेवकांनी पुढे वाकून माझ्याकडची पेन्सिल मागितली आणि विषयपत्रिकेच्या पाठीवर उभ्या रेघा मारायला लागले. चार रेघा, पाचवी आडवी. पुन्हा चार, पाचवी आडवी. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा बेरीज तीच आली असणार, कारण त्यांनी माघार घेतली आणि पेन्सिल परत करताना म्हणाले, “बाई, टोक छान काढता.”

माघार झाली नाही तर हात वर करून मतदान. ज्याच्या बाजूने मत द्यायचं त्याचं नाव पुकारलं की हात वर, मग एकेकाची मोजणी. कुणाचा हात खांद्यातून ताठ वर जातो, कुणाचा कोपरातूनच उठतो आणि डोक्यापर्यंत पोचत नाही. एकाने भलत्याच नावाला हात वर केलेला मी पाहिलाय. शेजारच्याने बाही धरून तो खाली ओढला. वहीत मात्र ताठ हात आणि अर्धा हात, दोन्ही एकच मत. अर्ध्या हाताचं कारण सभागृहाबाहेर असतं. पक्षाने आधीच गटाची नोंदणी कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे केलेली असते आणि पक्षादेश झुगारला तर १९८६च्या अपात्रतेच्या कायद्याने नगरसेवकपदच धोक्यात येतं.

आता आकडे बघ. नवी मुंबईत २०१५ला १११ जागा होत्या, बहुमताला ५६ लागत. राष्ट्रवादीचे ५२ आले, शिवसेनेचे ३८, काँग्रेसचे १०, भाजपचे ६ आणि ५ अपक्ष. राष्ट्रवादीने काँग्रेसला बरोबर घेतलं आणि सुधाकर सोनवणे महापौर झाले. ठाण्यात २०१२ला १३० जागा, शिवसेना ५३, भाजप ८. ६६ गाठायला कमी पडत होते, तिथे मनसेच्या ७ जणांनी हात दिला आणि हरिश्चंद्र पाटील महापौर झाले. २०१७ला मात्र १३१पैकी ६७ जागा एकट्या शिवसेनेच्या. त्यानंतर कुणाचं तोंड बघायची गरजच उरली नाही. म्हणून प्रकल्पात ‘महापौर म्हणून विजय’ असं लिहिण्याआधी त्या सभागृहाचं पक्षीय बलाबल लिही. विजय त्या माणसाचा होता की आकड्याचा, ते तिथेच कळतं.

आणखी एक चकवा आहे. ‘तीन वेळा महापौर’ असं वाचलंस की लगेच साडेसात वर्षं धरू नकोस. आताची मुदत अडीच वर्षांची आहे; पूर्वी महापौर वर्षाचा असायचा. ठाण्याचे अनंत तरे तीन वेळा महापौर झाले ते त्या काळात. त्यामुळे जुना महापौर आणि नवा महापौर ‘किती वेळा’वरून तोलता येत नाहीत, दिवस मोजावे लागतात.

वॉर्डाचं तर विचारू नकोस. एकाच नगरसेवकाचा ‘प्रभाग क्रमांक’ दर निवडणुकीत वेगळा दिसेल, कारण हद्दी बदलतात आणि नंबरही बदलतात. कधी उलटं होतं, नंबर तोच राहतो आणि वस्ती बदलते. ठाण्यात २०१२ला दोन सदस्यांचे प्रभाग होते, २०१७ला चार सदस्यांचे. तुमच्या नवी मुंबईत २०१५ला एक वॉर्ड एक नगरसेवक असा साधा हिशोब होता, यंदा पहिल्यांदा चौघांचं पॅनल आलं. एकट्याच्या वॉर्डात मिळालेली तीन हजार मतं आणि पॅनलमध्ये मिळालेली बारा हजार मतं शेजारी मांडून ‘लोकप्रियता चौपट झाली’ असं लिहिलंस, तर तुझे सर लाल शाई वापरतील आणि बरोबरच करतील. पॅनलमध्ये मतदारही चौपट असतात आणि निम्मी मतं शेजारच्या उमेदवाराच्या जोरावर येतात.

आणि घर बघायला विसरू नकोस. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला की पोस्टरवर आडनाव तेच राहतं, फोटो बदलतो. पाच वर्षांनी फोटो परत जुना. कागदावर त्या माणसाच्या कारकिर्दीत पाच वर्षांचा खड्डा दिसतो. प्रत्यक्षात कार्यालयाच्या शटरची किल्लीसुद्धा त्याच्याच खिशात असते. (काही बायकांनी नंतर ती किल्ली परत दिली नाही. त्यांची इतिवृत्तं टाइप करताना मला फार बरं वाटायचं.)

कागदपत्रांचं म्हणशील तर वॉर्डाचे निकाल राज्य निवडणूक आयोगाकडे आणि पालिकेच्या निवडणूक विभागात मिळतात. विधानसभा-लोकसभेचे भारत निवडणूक आयोगाकडे. हे दोन आयोग वेगळे आहेत, एकाच्या दारात दुसऱ्याचा कागद मागू नकोस. आणि महापौर निवडीचं मतदान हवं असेल तर त्या दिवसाच्या सभेचं इतिवृत्त माग. सचिव विभागात जाऊन नम्रपणे विचार, तारीख बरोबर ने. तारीख माहीत नसेल तर तिथली माणसं तुला चहा पाजतील आणि परत पाठवतील.

प्रश्न : ठाण्याचा महापौर म्हणजे पुढचा खासदार, असं आमचे वडील म्हणायचे. यात कितपत तथ्य आहे? – एक वाचक, कळवा

आधी तुमची गंमत सांगते. तुमचं कळवा ठाणे महापालिकेत आहे, पण लोकसभेला तुम्ही मत देता ते कल्याण मतदारसंघात. म्हणजे वडिलांच्या म्हणण्याचा अनुभव घ्यायची सोय तुम्हालाच नाही.

पण वडील चुकीचं बोलत नव्हते. ठाणे लोकसभेचे २००९पासूनचे चारही निकाल घ्या. दर वेळी माजी महापौरच निवडून आलाय. पहिले संजीव नाईक. ते ठाण्याचे नव्हेत, नवी मुंबईचे पहिले महापौर. १९९५ला पहिली निवडणूक झाली तेव्हा वय अवघं २३. पुढे २००८च्या पोटनिवडणुकीत ते आनंद परांजपे यांच्याकडून हरले, आणि वर्षभरातच, २००९ला, राष्ट्रवादीकडून ४९,०२० मतांनी जिंकले. त्या वेळी शिवसेनेचे विजय चौगुले समोर होते आणि मनसेच्या राजन राजे यांनी लाखावर मतं घेतली होती. ती मतं कुणाच्या पारड्यातून गेली, हे ठाणेकरांना सांगायला नको.

मग २०१४. एकीकडे नवी मुंबईचे माजी महापौर संजीव नाईक, दुसरीकडे ठाण्याचे माजी महापौर राजन विचारे. खाडीच्या दोन काठांचे दोन महापौर समोरासमोर. विचारे २,८१,२९९ मतांनी जिंकले. मोदी लाट होतीच, पण मला त्यात आणखीही दिसतं. विचारे नगरसेवक, महापौर आणि २००९पासून ठाणे शहराचे आमदार, असे एकेक पायरी चढत आलेले होते. २०१९ला त्यांनी आनंद परांजपे यांना हरवलं, फरक ४,१२,१४५.

२०२४ला तर उमेदवार दोघेही ठाण्याचेच माजी महापौर. धनुष्यबाणावर नरेश म्हस्के, मशालीवर राजन विचारे. म्हस्के यांना ७,३४,२३१ मतं, विचारे यांना ५,१७,२२०. फरक २,१७,०११. हे आकडे वहीत लिहिताना मी २०१९चं पान उलटलं. विचारे तेव्हा जिंकले होते ते ७,४०,९६९ मतं घेऊन. म्हणजे युतीच्या उमेदवाराला दोन्ही निवडणुकांत जवळपास तेवढीच मतं पडली, साडेसहा-पावणेसात हजारांचा काय तो फरक. खालचा माणूस बदलला, मतांची थप्पी तिथल्या तिथे राहिली. आणि विरोधातली मतं सव्वातीन लाखांवरून सव्वापाच लाखांच्या आसपास गेली. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘निष्ठा’, ‘गद्दारी’ या दोन्ही बाजूंच्या भाषणांतलं वारं थोडं कमी होतं. त्याच वर्षी विधानसभेला विचारे ठाण्यात उभे राहिले, आणि भाजपच्या संजय केळकर यांच्याकडून पन्नास हजारांहून जास्त मतांनी हरले.

असं का होतं म्हणाल, तर मतदारसंघाच्या नकाशात उत्तर आहे. मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली, बेलापूर असे सहा विधानसभा मतदारसंघ आणि त्यात तीन महापालिका. शेतीचा प्रश्न नाही, साखर कारखाना नाही, जिल्हा बँकेचं राजकारण नाही. इथे मतदार घराबाहेर काढायचा तो नगरसेवकाने आणि शाखेने. ज्याने महापौर असताना शेकडो वाढदिवस, बारशी, सत्यनारायण केले आणि प्रत्येक प्रभागातल्या चार माणसांना नावाने हाक मारली, त्याच्याकडे तयार यंत्रणा असते. तरी एक सांगते. महापौर झालेले बहुतेक जण खासदार झाले नाहीत, ते वॉर्डातच राहिले किंवा घरी बसले. तुमच्या वडिलांना जिंकलेले चार दिसले, मला बाकीचेही आठवतात.

आणि हे आजचं नाही. १९६७ला ठाण्याची नगरपालिका शिवसेनेकडे आली तेव्हा वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. शिवसेना स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. महापालिका १९८२ची, पहिली निवडणूक १९८६ला, पहिले महापौर सतीश प्रधान. ते आधी नगराध्यक्षही होते, पुढे राज्यसभेवर गेले. काँग्रेसकडून महापौर झालेले वसंत डावखरे नंतर विधान परिषदेचे उपसभापती म्हणून वर्षानुवर्षं बसले आणि २०१६ला रवींद्र फाटक यांच्याकडून हरले. ती जागा स्थानिक स्वराज्य संस्थांची, म्हणजे मतदार पुन्हा नगरसेवकच. ज्या हातांनी वर नेलं, खाली आणायलाही तसेच हात.

प्रश्न : आमच्या कट्ट्यावर पैज लागली आहे. एकनाथ शिंदे ठाण्याचे महापौर होते की नाही? हरणाऱ्याने सगळ्यांना मामलेदारची मिसळ द्यायची आहे. – कट्टेकरी, नौपाडा

नव्हते. ज्यांनी ‘होते’ म्हटलंय त्यांनी पाकीट काढावं.

ते १९९७ला पहिल्यांदा नगरसेवक झाले, २००१ला सभागृह नेते (म्हणजे सत्ताधारी पक्षाचे सभागृहातले म्होरके), २००४ला आमदार आणि ३० जून २०२२ला मुख्यमंत्री. मध्ये महापौरपद नाही. पण तुमची चूक समजण्यासारखी आहे. सभागृहात ज्याच्याकडे सगळ्यांची नजर जाते तो महापौर असेल असं बाहेरच्याला वाटतं. मी खाली बसून बघायचे. विषय पुकारला जातो, महापौर ‘मंजूर’ म्हणतात, पण त्याआधीच्या अर्ध्या सेकंदात त्यांची नजर एकदा सभागृह नेत्याकडे जाऊन येते. ती नजर इतिवृत्तात लिहिता येत नाही. कोण बोलणार, किती बोलणार, कुठला विषय तहकूब ठेवायचा, हे तिकडे ठरतं. नरेश म्हस्केसुद्धा महापौर होण्याआधी सभागृह नेते होते.

मिसळ येईपर्यंत आणखी एक पैज लावून बघा. ठाण्याचं महापौरपद एका मताने हरून नंतर लागोपाठ चार वेळा खासदार झालेले कोण? प्रकाश परांजपे. १९८९च्या महापौर निवडणुकीत ते अवघ्या एका मताने पडले. त्या एका मतावरून ठाण्यात पुढे जे घडलं ते इथे नको, जेवणाच्या ताटावर बोलायची गोष्ट नाही ती. पण १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ असं चारदा ठाण्याने त्यांना लोकसभेत पाठवलं. ज्यांच्यामुळे महापौर कोण हे टेंभी नाक्यावर ठरतं असं लोक म्हणत, त्या शिवसेनेच्या आनंद दिघे यांनी स्वतः एकही निवडणूक लढवली नाही, हेही जोडीला ठेवा.

प्रश्न : बदलापूरसारख्या ठिकाणी नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडतात. मग पंधरा-वीस लाखांच्या शहराचा महापौर मी का निवडू शकत नाही? – एक निवृत्त बँक अधिकारी, कोपरखैरणे

कायदा तसा नाही, एवढंच खरं उत्तर. थेट नगराध्यक्षाचा कायदा २००१ला आला, २००६ला गेला, २०१६ला आला, २०२०ला गेला, २०२२ला परत आला. अलीकडे तर सरकार बदललं की तो बदलतो. महापौराच्या बाबतीत मात्र एकाही सरकारने ते धाडस केलं नाही. उत्तर प्रदेशात, मध्य प्रदेशात लोक थेट महापौर निवडतात.

आपल्याकडे शहराची तिजोरी आणि सही आयुक्तांकडे आहे. महापौर सभा चालवतात, पाहुण्यांचं स्वागत करतात, पूर आला की गमबूट घालून उतरतात. खर्चाच्या नाड्या सोळा जणांच्या स्थायी समितीकडे. त्यामुळे मुरलेल्या नगरसेवकाला विचारा, महापौर व्हाल की स्थायीचे सभापती? तो तुमच्याकडे बघून नुसता हसेल. १९९८च्या सुमारास मुंबई आणि नागपुरात ‘मेयर इन कौन्सिल’ करून महापौरांना खरे अधिकार देऊन पाहिले, ते थोडक्यात गुंडाळलं. नागपुरात त्याच काळात देवेंद्र फडणवीस महापौर होते, १९९७ला ते झाले तेव्हा वय २७.

माझं मत विचाराल तर थेट निवडा, पण मग सहीसुद्धा द्या. नुसता लोकांतून निवडलेला आणि सही नसलेला महापौर म्हणजे लाखो मतं घेऊन फीत कापायला निघालेला माणूस. त्याची आणि आयुक्तांची रोज भांडणं होतील आणि लिहून घेणारीच्या पेन्सिली तेवढ्या संपतील.

प्रश्न : बिनविरोध महापौर म्हणजे सगळ्यांना हवा असलेला महापौर ना? – एक वाचक, घोडबंदर रस्ता

प्रत्येक वेळी नाही. नोव्हेंबर २०१९ला नरेश म्हस्के बिनविरोध झाले. सभागृहात शिवसेनेचे ६७ होते, विरुद्ध बाजूचे सगळे एकत्र आले असते तरी बेरीज जमत नव्हती. हरणार हे ठाऊक असताना अर्ज भरायचा तो पक्षाला आपलं अस्तित्व दाखवायला, नाहीतर उपमहापौरपद पदरात पाडून घ्यायला. बिनविरोधची कारणं शोधायची तर आदल्या रात्री कोण कुणाच्या घरी जेवलं ते शोधावं लागतं. मी तिथे वही घेऊन नसायचे.

प्रश्न : मतदान केंद्रावर चार वेळा बटण दाबायला लावलं. माझा मुलगा चोवीस वर्षांचा, त्याचं नगरसेवकासाठी हे पहिलंच मत, तो तर बावरला. असं का? – एक गृहिणी, नेरूळ

पॅनलचं वर सांगितलंच. चार जागा, चार मतं, प्रत्येक जागेचा रंग वेगळा. मुलगा बावरला यात त्याचा दोष नाही. नवी मुंबईत याआधीचं मतदान २२ एप्रिल २०१५चं. तेव्हा तो शाळेत असेल. सभागृहाची मुदत मे २०२०ला संपली, जयवंत सुतार तेव्हा महापौर होते. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, आणि शेवटी ६ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. तरी जानेवारी उजाडला. साडेपाच वर्षांहून जास्त काळ शहराला नगरसेवक नाही, महापौर नाही, सगळं प्रशासकाच्या हाती. ठाण्यात हेच मार्च २०२२पासून.

या काळात सचिव विभागातल्या माझ्या मागच्या मुलींचं काय झालं असेल, असं मनात येतं. महासभाच नाही तर उतरवून घ्यायचं काय? लघुलेखनाचा हात पंधरा दिवसांत बसतो आणि महिन्यात मोडतो. आता सभागृह भरलंय, शंभराच्या वर लोक एकदम बोलायला लागले असतील आणि निम्मे नवीन असतील. नवा नगरसेवक माइक चालू न करता बोलतो आणि जुना बंद न करता.

प्रश्न : ‘महापौर’ हा शब्द कुणी काढला? – शब्दकोडी सोडवणारे आजोबा, चरई

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी. ‘मेयर’ला त्यांनी दिलेला प्रतिशब्द. आडवा असेल तर चार अक्षरं बसतील.

प्रश्न : इतके महापौर तुम्ही जवळून पाहिलेत. त्यांतला सगळ्यांत चांगला कोण? नाव नको असेल तर निदान पक्ष सांगा. – एक वाचक, वाशी

नाव सांगत नाही, पक्ष तर नाहीच सांगत. एक होते, त्यांना वॉर्डाबाहेर कुणी फारसं ओळखत नव्हतं. सोडतीत आरक्षण निघालं आणि पक्षात त्या प्रवर्गातले ते एकटेच, म्हणून झाले. पहिल्या सभेत आवाज कापत होता. पण एक सवय होती त्यांना. गोंधळ सुरू झाला, पाच-सहा जण वेलमध्ये, म्हणजे आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरले, कुणी राजदंडाकडे धावलं, की ते हात वर करायचे आणि म्हणायचे, “एकेक बोला, बाईंना लिहायचंय.” लोक हसायचे, आणि हसता हसता खाली बसायचे. पुढच्या निवडणुकीत वॉर्ड राखीव झाला, पक्षाने घरातल्या कुणालाही तिकीट दिलं नाही. नंतर एकदा स्टेशनजवळ भाजी घेताना भेटले. मेथीची जुडी हातात धरून मला म्हणाले, “आमचं काय काय लिहिलंत हो त्या वह्यांत?”